अख्खा संगणक एका फाइलीत

मृगाच्या तोंडावर, पाऊस नीट लागण्याआधी, फोंड्यात संध्याकाळी गडगडाट सुरू होतो. अशाच एका संध्याकाळी जवळच वीज पडली आणि माझ्या मित्राच्या कार्यालयातला संगणक गेला. नेटच्या वायरीतून आलेल्या झटक्यानं मदरबोर्डच जळाला. मित्र दुकानदारांचे हिशेब लिहितो. रोजचा बॅकअप होता, एकही नोंद हरवली नाही. तरी काम चार दिवस बंद पडलं. नवा संगणक आणला, विंडोज घातलं, हिशेबाचं सॉफ्टवेअर घातलं, त्याचं लायसन्स पुन्हा चालू करून घेतलं. मग प्रिंटर, मग डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर. आणि जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र भरायची ११ तारीख डोक्यावर!

माहिती सुरक्षित राहिली, पण वर्षानुवर्षं बसवलेली घडी विस्कटली. ही घडीच जशीच्या तशी उचलून ठेवता आली तर?

येते. हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर खऱ्या संगणकाच्या आत एक आभासी संगणक उभा करतं. त्याला प्रोसेसर आणि मेमरीचा वाटा मिळतो, आणि त्याची हार्डडिस्क म्हणजे आपल्या डिस्कवरची एक भलीमोठी फाइल. कल्पना जुनी आहे: आयबीएमनं १९६० च्या दशकात महागडं यंत्र अनेकांना वाटून देण्यासाठी ती वापरली. घरगुती संगणकावर १९९९ मध्ये व्हीएमवेअरनं ती आणली. आज व्हर्च्युअलबॉक्ससारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

खरी गंमत पुढे आहे. जळालेल्या संगणकाची चांगली डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली, तर विंडोज पुष्कळदा अडखळतं, कारण भोवतालचे सगळे भाग बदललेले असतात. आभासी संगणकाला मात्र हायपरवायझर तेच नेटवर्क कार्ड, तोच डिस्क कंट्रोलर दाखवत राहतो. खालचा लॅपटॉप बदलला तरी आतल्या विंडोजच्या दृष्टीनं फारसं काही घडलेलंच नसतं. साठ जीबीची फाइल चांगल्या बाहेरच्या डिस्कवरून १०-१५ मिनिटांत उतरते. उघडली की तेच डेस्कटॉप, तीच सॉफ्टवेअरं, तेच प्रिंटर.

शिवाय स्नॅपशॉट. तो घेतला की त्या क्षणी मूळ फाइल गोठवली जाते आणि नंतरचे बदल वेगळ्या फाइलीत लिहिले जातात. अपडेट बिघडलं की बदलांची फाइल टाकून द्यायची, यंत्र पूर्वीच्या जागी. पण स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले.

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली. भारतातल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास निघाले. टेबलावरच्या संगणकांपैकी अनेकांपाशी माणसाला जाऊन बसावं लागलं, तेव्हा कुठे अपडेटची ती सदोष फाइल पुसता आली. आभासी यंत्राची डिस्क मात्र दुसऱ्या निरोगी यंत्राला जोडून, जागेवरून न उठता दुरुस्त करता येत होती.

मोठ्या कंपन्या सगळे डेस्कटॉप एका सर्व्हरवर ठेवतात. आपल्याकडे पावसात झाड पडून केबल तुटते, अशा वेळी छोट्या कार्यालयानं सगळं दूरच्या सर्व्हरवर टाकावं असं मला वाटत नाही. फाइल आपल्याच खोलीत बरी. खालच्या संगणकात १६ जीबी रॅम असावी, यूपीएस हवाच.

मित्र आता दर शनिवारी आभासी संगणक रीतसर बंद करतो (चालू असताना केलेली नक्कल अर्धवट निघू शकते) आणि ती फाइल दोन डिस्कवर उतरवतो. एक डिस्क बोरीला घरी असते. मागच्या महिन्यात आम्ही तिच्यावरची फाइल वहिनींच्या लॅपटॉपवर उघडून पाहिली. उघडेना. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशनची (आभासी संगणक चालवण्याची) सोय बंद होती. ती चालू केली आणि पाच मिनिटांत मे महिन्याच्या खातेवह्या समोर आल्या.