रेल्वेमार्गाचा परित्याग आणि रेलबँकिंग : ही गल्लत आता पुरे

शकुंतला रेल्वेचा विषय निघाला की कोणीतरी हमखास लिहितो, ‘अमेरिकेत सोडून दिलेल्या रेल्वेमार्गांचे सायकलमार्ग केले, मग यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गाचे का करत नाहीत?’ विदर्भाची मागणी सायकलमार्गाची नसून ब्रॉडगेजची आहे, हे तूर्त बाजूला ठेवू; परंतु या प्रश्नाचा पूर्वार्धच चुकीचा आहे. उदाहरणादाखल ज्यांची छायाचित्रे जोडली जातात ते मिसूरीतील केटी ट्रेल आणि न्यूयॉर्कमधील हाय लाइन हे दोन्ही मार्ग कायद्याच्या दृष्टीने सोडून दिलेलेच नाहीत, आणि रीतसर परित्यागाऐवजी ते भावी रेल्वेसाठी राखून ठेवले (यालाच रेलबँकिंग म्हणतात) म्हणूनच आज लोकांना त्यांवरून चालता येते.

रेल-ट्रेल म्हणजे काय हे बहुतेकांना ठाऊक आहे : बंद पडलेल्या मार्गावरील रूळ काढून, मालगाडीला झेपेल एवढाच चढ असलेल्या त्या भरावावर केलेली पायी चालण्याची व सायकलची वाट. चालत्या मार्गाशेजारी कुंपण घालून केलेली वाट वेगळी, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

खरी गल्लत जमिनीच्या हक्काची आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी सगळीकडे जमीन विकत घेतली नव्हती. पुष्कळ ठिकाणी त्यांना दुसऱ्याच्या जमिनीतून गाडी नेण्याचा हक्क तेवढा मिळाला होता. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे एका शब्दात कळेल : वहिवाट. सातबारा एकाच्या नावावर आणि गाडीवाट दुसऱ्याची. कंपनीने केंद्रीय नियामक मंडळाची परवानगी घेऊन मार्गाचा रीतसर परित्याग केला की ही वहिवाट साधारणपणे संपते आणि तो पट्टा लगतच्या मालकांच्या जमिनीत मिसळून जातो. जिथे कंपनीने जमीन खरेदीच केली होती, तिथे परित्यागानंतरही ती विकत घेऊन ट्रेल करता येतो. पण लांब मार्गावर मालकीचे आणि वहिवाटीचे तुकडे एकमेकांत गुंतलेले असतात, आणि मधला एक तुकडा गेला तरी सलग वाट तुटते.

यावरचा उपाय म्हणजे रेलबँकिंग. राष्ट्रीय ट्रेल कायद्यात १९८३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, एखादी संस्था किंवा शासन त्या पट्ट्याची देखभाल, कर आणि कायदेशीर दायित्व स्वीकारण्यास तयार असेल आणि रेल्वे कंपनीचीही संमती असेल, तर मार्गाचा परित्याग न होता तो भविष्यातील रेल्वेसाठी राखून ठेवला जातो व मधल्या काळात तिथे ट्रेल चालतो. उद्या तिथे पुन्हा गाडी आणायची ठरली, तर ट्रेलला जागा सोडावी लागते.

‘रूळ उखडले, म्हणजे मार्ग सोडला’ हा तर्क मला सर्वांत अधिक खटकतो. राखीव मार्गावरचेही रूळ आणि स्लीपर काढता येतात. उलट, नुसत्या बंद पडलेल्या मार्गावर गवतात गंजणारे रूळ दिसले, म्हणून हक्क शाबूत आहे असेही होत नाही. निर्णय कागदावर होतो.

कागदाचे वजन किती, हे दोन खटल्यांतून दिसते. १९९० साली व्हरमाँटमधील जमीनमालकांनी रेलबँकिंगच्या कायद्याला दिलेले आव्हान अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. भरपाई मागण्याचा मार्ग मात्र त्यांना मोकळा ठेवला. २०१४ साली वायोमिंगमधील जमीनमालक ब्रांट ट्रस्टच्या खटल्यात, रीतसर परित्याग झालेल्या मार्गाचा पट्टा सरकारकडे परत येत नाही, १८७५ च्या कायद्याने कंपनीला मिळाली होती ती केवळ वहिवाट, असा निकाल आठ विरुद्ध एक मतांनी लागला. वनखात्याला तिथे ट्रेल हवा होता.

आपल्याकडे रेल्वेची जमीन बहुतांशी भूसंपादनाने कायमची घेतलेली असते. त्यामुळे आपला प्रश्न वहिवाट संपण्याचा नसून मुख्यतः अतिक्रमणाचा आहे, आणि अमेरिकेचा नमुना जसाच्या तसा इथे लावणे व्यर्थ आहे.

केटी ट्रेलकडे परत येतो. सुमारे ३८५ किलोमीटरच्या या मार्गाचा बहुतांश भाग १९८६ च्या पुरानंतर रेल्वेने बंद केला आणि १९९० पासून तो टप्प्याटप्प्याने लोकांसाठी खुला झाला. त्यावर चुनखडीची बारीक खडी दाबून बसवली आहे, आणि डांबरापेक्षा ती मला केव्हाही पसंत आहे. या मार्गावर बूनव्हिल येथे मिसूरी नदीवर मधला गाळा वर उचलता येणारा जुना रेल्वे पूल आहे. तो मोडून त्याचे पोलाद ओसेज नदीवरील पुलासाठी वापरण्याचा युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा बेत होता. ट्रेल या पुलावरून जातही नाही, तो शेजारच्या महामार्गाच्या पुलावरून नदी ओलांडतो. तरीही पूल गेला तर मार्ग रेल्वेसाठी राखलेला आहे हा दावाच डळमळेल, अशी हरकत घेतली गेली. वाद काही वर्षे चालला आणि २०१० साली कंपनीने पूल बूनव्हिल शहराच्या स्वाधीन केला.