केवळ-धनुष्य परवाने आणि सर्वशस्त्र हंगाम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोठ्या वन्यप्राण्यांच्या शिकारीचे नियमन करण्याच्या दोन पद्धती. एल्क आणि मूस ही मोठी हरणे, म्यूल हरीण, पांढऱ्या शेपटीचे हरीण, काळे अस्वल या प्राण्यांच्या शिकारीला तिथे कायद्याची परवानगी आहे. मात्र कोणी, कुठे, किती दिवस आणि कशाने शिकार करायची, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. ‘केवळ धनुष्य’ परवान्यावर फक्त धनुष्यबाण चालतो. ‘सर्वशस्त्र’ हंगामात कायद्याला मान्य असलेले कोणतेही शस्त्र चालते. प्रत्यक्षात तो रायफलवाल्यांचा हंगाम असतो, पण हौस असेल तर त्यातही धनुष्य नेता येते. पश्चिमेकडील बहुतेक राज्यांत या दोहोंच्या जोडीला ठासणीच्या बंदुकीचाही वेगळा हंगाम असतो. यातले कोणाला किती द्यायचे यावर राज्यांच्या वन्यजीव आयोगांच्या बैठकांत दरवर्षी वाद होतो. वादाची भाषा शस्त्रांची असली तरी भांडण असते ते चांगल्या दिवसांच्या वाटणीचे.

धनुष्याने शिकार करण्याची अमेरिकेतील आधुनिक हौस विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा एक एकटा उरलेला माणूस सापडला. त्याला इशी म्हणू लागले. त्याच्यावर उपचार करणारे शल्यविशारद सॅक्स्टन पोप यांनी धनुष्य बनवण्याची आणि सावजाच्या जवळ जाण्याची विद्या त्याच्याकडून शिकून घेतली. इशी १९१६ मध्ये वारला. पोप आणि त्यांचे सहकारी आर्ट यंग यांनी ती विद्या पुढे लोकांपर्यंत नेली. ज्या जमातीची अशी वाताहत झाली, तिच्याच शेवटच्या माणसाकडून हा छंद आला, हे या विषयावर लिहिताना वगळता कामा नये. या दोघांच्या नावाने १९६१ मध्ये स्थापन झालेला पोप अँड यंग क्लब आजही धनुष्याने केलेल्या शिकारींच्या नोंदी ठेवतो.

फक्त धनुर्धारींसाठी हरणांचा स्वतंत्र हंगाम १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने सॉक आणि कोलंबिया या दोन काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, ठेवला. परिस्थितिविज्ञानाचे अभ्यासक आल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्ये घडवत आणि अशा हंगामाच्या बाजूने होते. यामागचा विचार साधा होता. धनुर्धारीला सावजाच्या फार जवळ जावे लागते आणि रानात बंदुकांचे बार वाजत असताना ते जमत नाही. शिवाय त्याच्या हाती क्वचितच काही लागते, त्यामुळे त्याला लांब हंगाम दिला तरी कळपावर फारसा ताण पडत नाही. कमी यश आणि जास्त दिवस, असा हा सौदा आहे. तो दुसऱ्या महायुद्धानंतर देशभर पसरला. आजचे जवळजवळ सगळे वाद या सौद्याची एखादी बाजू बदलल्यामुळे उभे राहिले आहेत.

यश कमी का, हे बाणाच्या गतीवरून कळते. रायफलची गोळी दोन-तीनशे मीटरवरून प्राणी पाडते. तिच्या आघाताने आतल्या पेशीही फाटतात. बाण मात्र पात्याच्या धारेने कापतो आणि रक्तस्राव होऊन प्राणी मरतो. त्यामुळे तो छातीत, फुप्फुसांतून आरपार जावा लागतो, आणि जाणते शिकारी तीस-पस्तीस मीटरपलीकडे सहसा बाण सोडत नाहीत. चांगल्या कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या, धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला ८० ते ९० मीटर जातो, म्हणजे ३० मीटर अंतर कापायला त्याला सेकंदाचा सुमारे तिसरा भाग लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो. दचकलेले हरीण उसळी घेण्यापूर्वी क्षणभर खाली दबते आणि बाण पाठीवरून निघून जातो, नाहीतर भलत्याच जागी बसतो.

भलत्या जागी बसलेला बाण हा या वादातला सर्वांत गंभीर मुद्दा आहे. मेरीलँडमधील इंडियन हेड येथील नौदलाच्या आवारात जवळजवळ दोन दशके ठेवलेल्या नोंदींनुसार, बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणे शिकाऱ्यांना सापडली नाहीत. तिथले शिकारी चाचणी देऊन आलेले होते. न सापडलेल्यांतली काही जगतात, काही झुडपांत मरतात. गोळी लागूनही जनावरे निसटतात, त्यामुळे हा दोष एकट्या धनुष्याचा नाही. पण कोटा ठरवताना बहुधा हाती लागलेल्या प्राण्यांचीच मोजदाद होते, जखमी होऊन गेलेल्यांची होत नाही. केवळ-धनुष्य हंगाम वाढवून मागणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब आधी मांडला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रक्ताचा माग शेवटपर्यंत काढणे हा धनुर्धारींच्या शिक्षणवर्गांतला महत्त्वाचा धडा असतो तो याचमुळे.

दुसरा मुद्दा दिनदर्शिकेचा. एल्कचे नर सप्टेंबरमध्ये माजावर येतात. लांब, वर चढत जाणाऱ्या शिळेसारखी त्यांची आरोळी दऱ्यांतून घुमते, आणि तशीच आरोळी काढून त्यांना जवळ बोलावता येते. एरवी सावध असलेला नर त्या काही आठवड्यांत बेभान असतो. कोलोरॅडोत धनुष्याचा हंगाम जवळजवळ संपूर्ण सप्टेंबर चालतो. रायफलचे चार छोटे हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, तेव्हा नर गप्प झालेले असतात. माँटानात धनुष्याला सप्टेंबरच्या सुरुवातीपासून सुमारे सहा आठवडे मिळतात आणि त्यानंतर रायफलला पाच. रायफलवाले म्हणतात, उत्तम दिवस धनुर्धारी घेतात आणि बिथरलेला कळप आमच्या वाट्याला येतो. धनुर्धारींचे उत्तर असे की याच दिवसांत रायफली आल्या तर मोठे नर उरणारच नाहीत. दोघांचेही म्हणणे खरे आहे. मात्र तिसरी गोष्ट दोघेही हळू आवाजात बोलतात: महिनाभर मागे माणसे लागली की एल्क सरकारी जंगल सोडून खाजगी कुरणांत शिरतात, आणि तिथे जमीनमालकाच्या परवानगीवाचून कोणालाच जाता येत नाही.

धनुर्धारी वाढले तसा ‘मागेल त्याला परवाना’ हा जुना शिरस्ता मोडू लागला. माँटानातील मिझुरी ब्रेक्स या ओसाड, घळींनी चिरलेल्या प्रदेशात मोठ्या शिंगांचे नर आहेत. तिथे रायफलचे परवाने सोडतीने मोजकेच मिळत असताना धनुष्याला मोकळीक होती. २००८ पासून तिथल्या धनुष्याच्या परवान्यांवरही बंधने आली, आणि त्यावरून स्थानिक शिकारी व परराज्यातील गिऱ्हाइकांना रानात नेणारे व्यावसायिक वाटाडे यांच्यात मोठी तणातणी झाली. ओरेगॉनने २०२२ मध्ये पूर्व भागातील हरणांसाठी धनुष्याचे परवाने सोडतीखाली आणले. कोलोरॅडोच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात परराज्यातील धनुर्धारींना एल्कचे परवाने दुकानातून सहज मिळत. २०२५ पासून त्यांनाही सोडतीत नाव घालावे लागते. वॉशिंग्टन राज्याचा मार्ग निराळा आहे: तिथे हरीण वा एल्कचा परवाना घेतानाच धनुष्य, ठासणीची बंदूक किंवा आधुनिक बंदूक यांपैकी एक निवडावे लागते आणि वर्षभर त्याच्याशी बांधील राहावे लागते. एकाच माणसाने तिन्ही हंगामांत गर्दी करू नये, यासाठी ही तजवीज. ती कडक आहे, पण वाटणीचा प्रश्न वाटणी म्हणूनच सोडवणारी आहे.

सौद्याची दुसरी बाजू, म्हणजे शस्त्राची मर्यादा, तीही ढिली झाली आहे. मिझुरी राज्यातले हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळाले. हेच कंपाउंड धनुष्य. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपदे मिळवली ती याच प्रकारात, त्यामुळे मराठी वाचकांना ते अपरिचित नाही. दोरी पूर्ण ओढल्यावर कप्प्या बराच भार पेलतात, हात थरथरत नाही आणि नेम सावकाश धरता येतो. त्यानंतर आले अंतर मोजणारे लेसर आणि नेम धरायची प्रकाशणारी दर्शके. त्यापुढची पायरी आडव्या धनुष्याची, म्हणजे क्रॉसबोची. विस्कॉन्सिनने २०१४ पासून त्याला स्वतंत्र परवाना दिला आणि तिथे ते झपाट्याने लोकप्रिय झाले. कोलोरॅडोत मात्र धनुष्याच्या हंगामात ते आजही चालत नाही. कोलोरॅडो धनुष्याचा ताण किमान ३५ पौंड असावा असे सांगते आणि त्याच्यावर नेमाला मदत करणारी विजेवरची साधने लावू देत नाही.

‘सर्वशस्त्र’ हेही शब्दशः सर्व नसते. आयडाहोत १६ पौंडांहून जड रायफल मोठ्या प्राण्यांवर वापरता येत नाही, म्हणजे फार दूरवरून मारा करणाऱ्या अवजड रायफली आपोआप बाहेर राहतात. यूटाने २०२४ मध्ये ठासणीच्या बंदुकीच्या हंगामात तिच्यावरील मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणींना मनाई केली. काही वर्षांपूर्वी त्यांना मुभा दिली ती याच राज्याने. ॲरिझोनाने २०२२ पासून शिकारीसाठी रानात स्वयंचलित कॅमेरे लावण्यावर बंदी घातली. राज्ये आता शस्त्राच्या नावापेक्षा त्याच्या क्षमतेकडे पाहू लागली आहेत, आणि तेच योग्य आहे. धनुर्धारीला सप्टेंबर मिळतो तो त्याच्या शस्त्राच्या उणिवेपोटी. ती उणीव यंत्राने भरून काढली, तर सप्टेंबरवरचा हक्कही तेवढाच कमी होतो.

काही ठिकाणी मात्र केवळ-धनुष्य नियमाला सुरक्षिततेचे कारण असते आणि तिथे वाद फारसा उरत नाही. अलास्कात युकॉन नदीच्या उत्तरेला डाल्टन महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैलांपर्यंत बंदुकीने शिकार करता येत नाही. रस्त्याला समांतर तेलवाहिनी जाते. प्रशिक्षण घेतलेला धनुर्धारी तिथे कॅरिबू या हरणाची शिकार करू शकतो, बंदूकवाल्याला पाच मैल आत जावे लागते. व्हर्जिनियातील फेअरफॅक्ससारख्या दाट वस्तीच्या काउंटींत उद्यानांतली हरणे कमी करायला धनुर्धारींना बोलावतात. झाडावरच्या मचाणातून खाली सोडलेला बाण हुकला तर जवळच जमिनीत रुततो.

पैशाच्या बाबतीत दोन्ही गट एका थैलीत भर घालतात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील केंद्रीय कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. १९७२ मध्ये धनुष्यबाणाचे साहित्यही त्यात आले, आणि तेव्हापासून ‘आम्हीही भरतो’ हे धनुर्धारींना साधार म्हणता येते.

युरोपात चित्र एकसारखे नाही. ब्रिटन आणि जर्मनीत धनुष्याने हरणाची शिकार करणे बेकायदा आहे. फ्रान्सने १९९५ मध्ये तिला मान्यता दिली. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात सुरुवातीला मोठ्या प्राण्यांच्या शिकारीच्या परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. महाराष्ट्रात पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांना मारण्याची परवानगी वनविभाग देतो, पण तिचा हेतू पीकसंरक्षणाचा आहे. हौशी शिकारीला आणि म्हणून शस्त्रनिहाय हंगामाला इथे जागा नाही.