झोन फोकसिंग

झोन फोकसिंग : लेन्सचा फोकस एका अंतरावर आधीच लावून ठेवायचा, अॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) बारीक करायचे आणि त्या अंतराच्या अलीकडे-पलीकडे जो पट्टा स्पष्ट उमटतो त्यात माणूस आला की नुसते बटण दाबायचे, अशी स्ट्रीट फोटोग्राफीतील पद्धत. ती ऑटोफोकसच्या, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप फोकस लावण्याच्या, आधीची. गर्दीत ऑटोफोकस भलत्याच खांद्यावर बसतो, म्हणून ती अजून टिकून आहे.

फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा प्रकाश टिपणारा सेन्सर ३६×२४ मिमी असतो) ३५ मिमी लेन्स, एफ/८ (एफचा आकडा मोठा तितके छिद्र बारीक) आणि ३ मी.वर फोकस असेल तर साधारण १.९ ते ७.२ मी. एवढा पट्टा मिळतो. ५० मिमीला तो २.३ ते ४.२ मी. इतका आक्रसतो. २८ मिमी लेन्सचे हायपरफोकल अंतर एफ/८ ला सुमारे ३.३ मी.; तिथे फोकस लावला की १.६५ मी.पासून अनंतापर्यंत सगळे चालण्याजोगे स्पष्ट येते. हा मोह टाळलेला बरा. माणूस बहुधा दोन मीटरवर असतो, म्हणजे पट्ट्याच्या कडेला. मागची इमारत करकरीत आणि चेहरा मऊ, असा फोटो हाती येतो. त्यापेक्षा फोकस २ मी.वर ठेवून मागचे थोडे सोडून द्यावे. शिवाय हे आकडे सेन्सरवरचा ०.०३ मिमीचा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो असे धरून काढलेले आहेत. मोठ्या पडद्यावर ते गृहीतक तोकडे पडते. म्हणून लेन्स एफ/८ वर ठेवून तिच्यावरच्या, स्पष्ट पट्ट्याच्या कडा दाखवणाऱ्या पट्टीतल्या एफ/५.६ च्या, म्हणजे अधिक अरुंद पट्ट्याच्या, खुणा वाचतात.

अंतराचा अंदाज फ्रेमवरून बसतो. ३५ मिमी लेन्सच्या आडव्या फ्रेममध्ये उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत, थोडी जागा राखून मावला तर तो सुमारे ३ मी.वर आहे, गुडघ्यापर्यंतच मावला तर २ मी.वर. आधी अंदाज बांधायचा, मग टेपने मोजून पाहायचे.

फोकस चुकला असे वाटते तेव्हा पुष्कळदा दोष शटरच्या वेगाचा असतो. ताशी ५ किमी चालीने ३ मी.वरून आडवा जाणारा माणूस १/१२५ सेकंदात ३५ मिमी लेन्सच्या सेन्सरवर सुमारे ०.१३ मिमी सरकतो, १/५०० ला ०.०३ मिमी. तेव्हा १/५०० च्या खाली उतरू नये. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ४०० आणि एफ/८ ला १/१६०० सहज मिळतो. गल्लीच्या सावलीत आयएसओ १६०० करावा लागतो. तिन्हीसांजेला एफ/२ वर जाण्याची वेळ आली की ३५ मिमी लेन्सचा ३ मी.वरचा पट्टा जेमतेम ९० सेंमी उरतो आणि मग ऑटोफोकसच बरा. बऱ्याच नव्या लेन्सांची रिंग यांत्रिक नसते; कॅमेरा बंद होऊन चालू झाला की लावलेले अंतर जाते. जुन्या लेन्सची रिंग पिशवीत फिरते, तिला कागदी टेपचा तुकडा पुरतो. रिको जीआर या छोट्या कॅमेऱ्यात बटण एका दमात पूर्ण दाबले की फोकस ठरवलेल्या अंतरावर जाण्याची सोय आहे.

या पद्धतीचे शिष्टाचार अंतरातूनच येतात. दोन-तीन मीटर म्हणजे बोलण्याच्या टप्प्यात. छायाचित्रकार समोरच्याला दिसतोच. तेव्हा लपूनछपून कमरेवरून टिपण्यापेक्षा कॅमेरा उघडपणे डोळ्याला लावावा, नजर मिळाली तर मान हलवावी, कोणी विचारले तर फोटो दाखवावा आणि नको म्हटल्यास समोरच पुसावा. फोकस-सहायक दिवा आणि शटरचा कृत्रिम आवाज बंद ठेवावा. वारीत “माउली, फोटो काढू का?” एवढे पुरते; पण चंद्रभागेवर स्नान करणाऱ्या स्त्रियांकडे कॅमेरा वळवू नये, विचारूनही नाही. लहान मुलाचा फोटो काढताना सोबतच्या मोठ्या माणसाला आधी विचारावे. अपघातग्रस्त किंवा फूटपाथवर झोपलेला माणूस संमती देण्याच्या स्थितीतच नसतो.

चेहरा जाहिरातीत वापरायचा तर त्या व्यक्तीची लेखी संमती घ्यावी. परदेशात नियम निराळे: जर्मनीत १९०७ च्या कायद्यानुसार, ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे चित्र प्रसिद्ध करायला काही अपवाद सोडता तिची संमती लागते.