वॉशिंग्टनचे दात लाकडी नव्हते

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन लाकडी कवळी वापरत, हे आपल्याकडच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतही छापून येतं. ते खरं नाही. त्यांच्या एकाही कवळीत लाकूड सापडलेलं नाही. हस्तिदंतावर बारीक तडे जाऊन डाग पडले की ते लाकडासारखं दिसतं. समज बहुधा त्यातूनच पसरला.

१७८९ मध्ये शपथ घेताना त्यांचा स्वतःचा एकच दात उरला होता. न्यूयॉर्कचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी पाणघोड्याच्या सुळ्यातून कवळी कोरून दिली. इतर कवळ्यांत शिसं, जनावरांचे दात आणि माणसांचेही दात होते. जबडा सतत दुखे.

माणसांचे दात कुणाचे, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. माउंट व्हर्नन या वॉशिंग्टन यांच्या मळ्याच्या १७८४ च्या हिशेबवहीत कृष्णवर्णीयांना नऊ दातांसाठी १२२ शिलिंग दिल्याची नोंद आहे. ही माणसं बहुधा त्यांच्याच मळ्यावरचे गुलाम होती. तेच दात वॉशिंग्टन यांच्या कवळीत बसवले, असं ठामपणे म्हणता येत नाही. पण ज्याच्या देहावर कायद्याने मालकाचा हक्क होता, त्याला दात द्यायला नकार देणं कितपत शक्य होतं? लाकडाच्या गोष्टीत ही माणसं दिसतच नाहीत.