नव्या चालकासाठी जुनी छोटी गाडी निवडताना

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आमच्याकडे येणारी अनेक कुटुंबे आयुष्यातील पहिली चारचाकी घेण्यासाठी येतात आणि ती गाडी बहुधा नुकताच परवाना मिळालेला मुलगा, मुलगी किंवा सूनबाई चालवणार असते. अशा वेळी पहिला प्रश्न ‘किती किलोमीटर चालली?’ हाच असतो. आमच्या मते त्याआधी गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली, हे विचारावे.

त्याचे कारण असे की, १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक कारमध्ये चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा इशारा, वेगमर्यादेचा इशारा आणि मागे घेतानाचे पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले. चाके जाम होऊ न देणारी एबीएस ब्रेकप्रणालीही त्याच वर्षी एप्रिलपासून सर्व कारमध्ये आली. त्यापूर्वीच्या स्वस्त मॉडेलांत यांपैकी बऱ्याच गोष्टी नसत. घाबरून ब्रेकवर पूर्ण पाय देणे ही नव्या चालकाची स्वाभाविक प्रतिक्रिया असते आणि त्या क्षणी एबीएसमुळे स्टिअरिंग हातात राहते. म्हणून थोडी रक्कम वाढवावी लागली तरी जुलै २०१९ नंतरची गाडी घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. नोंदणीच्या तारखेवर विसंबू नये. आधी तयार होऊन नंतर विकल्या गेलेल्या गाड्याही असतात, त्यामुळे आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) उत्पादनाचा महिना पाहावा.

मॉडेलबाबत थोडक्यात सांगायचे तर, शहरातल्या शहरात शिकण्यासाठी ७९६ सीसीची अल्टो हलकी आणि कमी खर्चाची आहे. उंच आसनामुळे वॅगनआरमधून रस्ता चांगला दिसतो आणि नव्या हाताला त्याचा मोठा आधार वाटतो. मात्र धुळे-जळगाव-भुसावळ महामार्गावर केळीच्या आणि कापसाच्या ट्रकांसोबत रोज ये-जा करायची असेल, तर आम्ही टियागो सुचवतो. २०२० मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत तिला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी चार तारे मिळाले होते. रोजचे फिरणे थोडे असेल तर डिझेल गाडीच्या मोहात पडू नये.

तरीही मॉडेलच्या नावापेक्षा समोर उभी असलेली गाडी महत्त्वाची असते, म्हणून ती दोनदा पाहावी अशी आमची विनंती आहे. एकदा सकाळी, इंजिन थंड असताना यावे. बॉनेटला हात लावून ते खरोखर थंड असल्याची खात्री करावी आणि मगच गाडी सुरू करावी, कारण तापलेले इंजिन सुरू होण्यातला त्रास आणि निळसर धूर लपवते. दुसऱ्यांदा भर दुपारी यावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा एसी लावून गाडी अर्धा तास गर्दीत चालवली की तापमानाचा काटा सगळे सांगून जातो. कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) वर्षानुवर्षे साधे पाणी भरलेल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये गंज दिसतो. अशी गाडी आम्ही स्वतःही घेत नाही.

आपल्या उन्हात टायरचे रबर लवकर कडक होते, त्यामुळे नक्षी चांगली दिसली तरी टायरच्या बाजूवरील चार अंकी तारीख वाचावी. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, परंतु क्लच व ब्रेकच्या पेडलचे झिजलेले रबर आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग खोटे बोलत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पट्ट्याच्या आतल्या भागात चिखलाची पुटे असल्यास गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिल्याची शंका घ्यावी. आपल्या विश्वासातला मेकॅनिक सोबत आणल्यास आम्हाला आनंदच आहे.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर गाडी घरी नेण्याची घाई आम्ही समजू शकतो, पण कागदपत्रे त्याआधी तपासावीत. कर्जाने घेतलेली गाडी असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरील कर्जाचा बोजा उतरवावा लागतो. सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर नोंद आणि टाकीची तीन वर्षांच्या आतली चाचणी पाहावी. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि गाडी घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवणे कायद्याने आवश्यक आहे. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी मात्र १४ दिवसांतच अर्ज करावा लागतो. हे काम अनेकांकडून राहून जाते, म्हणून गाडीची किल्ली देतानाच आम्ही विम्याचा अर्जही भरून घेतो.