मनुष्यबळ व्यवस्थापनाचे विद्यापीठीय शिक्षण

माणूस नोकरीसाठी अर्ज करतो तेव्हापासून त्याचा शेवटचा हिशेब चुकता होईपर्यंत त्याच्यात आणि आस्थापनेत जे जे घडते, त्याचा अभ्यास म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापन. निवड, नेमणूक, प्रशिक्षण, पगार, बढती, शिस्त, तंटा, करार आणि निवृत्ती हे सारे त्यात येते. विद्यापीठांत तो व्यवस्थापन शाखेचा विषय मानला जातो. पण अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य आणि कायदा या चारही घरांत त्याचे पाय आहेत. महाराष्ट्रात तर तो व्यवस्थापनाच्या वर्गात जन्मलाच नाही. तो गिरणीच्या आवारातून आणि समाजकार्याच्या शाळेतून आला, आणि हा उगम ठाऊक असल्याशिवाय आजचा अभ्यासक्रम नीट कळत नाही.

नाव

मराठीत या विषयाला दोन नावे आहेत. सरकारी व पाठ्यपुस्तकी लेखनात ‘मानव संसाधन व्यवस्थापन’ आढळते, तर वर्तमानपत्रांनी ‘मनुष्यबळ’ हा शब्द रुळवला. १९८५ मध्ये केंद्रातल्या शिक्षण खात्याचे नाव बदलले तेव्हा मराठी वृत्तपत्रांतून ‘मनुष्यबळ विकासमंत्री’ असेच छापून येऊ लागले. २०२० मध्ये खात्याला ‘शिक्षण’ हे जुने नाव परत मिळाले, पण ‘मनुष्यबळ’ मागे उरले. दोन्ही शब्दांचा रोख मात्र वेगळा आहे. संसाधन कोळसा, पाणी, भांडवल यांच्या रांगेत बसते, ते वापरले जाते आणि संपते. बळ माणसाच्या अंगात असते आणि ते देणे न देणे त्याच्या हाती राहते. या नोंदीत म्हणून दुसरा शब्द वापरला आहे. कारखान्यात यांपैकी कोणताही शब्द ऐकू येत नाही. तिथे ‘एचआर’ म्हणतात, आणि जुनी माणसे अजूनही ‘पर्सोनेल’ किंवा ‘टाइम ऑफिस’ म्हणतात.

उगम

मुंबईच्या कापडगिरण्यांत माणसे घेण्या-काढण्याची सत्ता दीर्घकाळ जॉबरच्या हाती होती. तो गावाकडून माणसे आणी, ‘बदली’वर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, कोणाला घ्यायचे ते ठरवी आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. १९२९ साली नेमलेल्या आणि व्हिटले आयोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले. भरती जॉबरकडून काढून स्वतंत्र कामगार अधिकाऱ्याकडे द्यावी, अशी त्याची शिफारस होती. अधिकारी नेमायचा म्हटल्यावर तो कुठे शिकणार, हा प्रश्न ओघानेच आला.

१९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. नागपाड्यातील वस्तीत काम करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. १९४४ मध्ये या संस्थेचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. समाजकार्याच्या मुशीतूनच येथे कामगार कल्याणाचा व पुढे कर्मचारी व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घडत गेला. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सरकार, मालक आणि कामगार यांनी एका टेबलाशी बसायच्या त्रिपक्षीय परिषदा त्याच काळात रुजल्या. १९४७ मध्ये मुंबईत सरकारी श्रमसंस्था निघाली. परळला असलेली ही संस्था आज नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते, आणि तिथला श्रम अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. मुंबईबाहेरची दोन नावे याच काळातली आहेत. जमशेदपूरची झेवियर संस्था १९४९ मध्ये जेझुइट धर्मगुरूंनी काढली, आणि समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापन हे दोन विषय नावातच एकत्र बाळगणारी कोलकात्याची संस्था १९५३ मध्ये निघाली.

या शिक्षणाला खरी मागणी आणली ती १९४८ च्या कारखाने अधिनियमाने. त्याच्या ४९ व्या कलमानुसार ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे झाले. राज्यांनी नियम करून त्याची पात्रता ठरवली आणि मान्यताप्राप्त पदवी-पदविकांच्या याद्या निघाल्या. पुण्यात ‘डीएलएल’ या लघुनावाने ओळखली जाणारी कामगार कायदे व कामगार कल्याण पदविका त्यामुळेच पिढ्यान्‌पिढ्या टिकली. दिवसा टाइम ऑफिसात हजेरीपट लावणारा माणूस संध्याकाळी विधी महाविद्यालयात बसून ती पुरी करी आणि वर्षभरात अधिकाऱ्याच्या खुर्चीला पात्र ठरे. मराठी माध्यमातून आलेल्या कित्येकांसाठी व्यवस्थापनात शिरण्याचे हे पहिले दार होते. व्यवस्थापनशिक्षणाचा इतिहास सांगताना या पदविकेचा उल्लेख बहुधा होत नाही, तो व्हायला हवा.

कल्याणाकडून विकासाकडे

१९७० च्या दशकाच्या मध्यावर विषयाने कूस बदलली. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना लार्सन अँड टुब्रो कंपनीने कामाच्या मूल्यमापनाची पद्धत तपासायला बोलावले. त्यांनी सुचवले की मूल्यमापन, प्रशिक्षण, समुपदेशन आणि बढतीचा विचार एकाच व्यवस्थेत बांधावा आणि तिला वेगळा विभाग द्यावा. भारतात मनुष्यबळ विकास हा स्वतंत्र विभाग येथून सुरू झाला असे मानतात. दुसरे कारण मात्र वर्गाबाहेर घडत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे उरले नाही आणि संघटनांची सौदाशक्ती ओसरत गेली. १९९१ नंतर सेवाक्षेत्र आणि माहिती तंत्रज्ञान वाढले, आणि युनियन नसलेल्या कंपन्यांसाठी माणसे तयार करणे हे अभ्यासक्रमाचे मुख्य काम बनले. ‘औद्योगिक संबंध’ हा पेपर एकेकाळी विषयाचा कणा होता. बऱ्याच ठिकाणी तो आता ऐच्छिकांच्या यादीत गेला आहे. हे नुकसान आहे. पगाराची बोलणी, कपात आणि कामाचे तास हे प्रश्न युनियन नसल्याने संपत नाहीत. त्यांच्यावर बोलायला समोर कोणी उरत नाही, इतकेच.

अभ्यासक्रम

महाराष्ट्रात आज हा विषय तीन वाटांनी शिकता येतो. एमबीए किंवा त्याच धर्तीच्या एमएमएस या पदवीला दुसऱ्या वर्षी विशेषीकरण घेणे ही सर्वांत रुळलेली वाट. तिच्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दुसरी वाट पूर्णपणे याच विषयाच्या पदवीची. पुणे विद्यापीठाची एमपीएम ही कर्मचारी व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, मुंबईत १९६५ मध्ये स्थापन झालेल्या जमनालाल बजाज संस्थेतील नोकरदारांसाठीचा अर्धवेळ अभ्यासक्रम, टाटा समाजविज्ञान संस्थेची पदव्युत्तर पदवी ही तिची उदाहरणे. तिसरी वाट एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीची. अध्यापनासाठीच्या नेट परीक्षेत आजही कामगार कल्याण, औद्योगिक संबंध आणि मनुष्यबळ व्यवस्थापन मिळून एकच विषय आहे.

पहिल्या सत्रात संघटनेतील वर्तन शिकवतात. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ दरम्यान कामगारांच्या वर्तनावर झालेले प्रयोग तिथे हटकून येतात. पुढे मनुष्यबळ नियोजन, भरती, वेतनरचना, कामगिरीचे मूल्यमापन आणि अलीकडे आकडेवारीचे विश्लेषण. हे सारे महत्त्वाचे असले तरी वाचून समजण्याजोगे आहे. हाताने करून पाहिल्याशिवाय कळत नाहीत अशा दोन गोष्टी म्हणजे देय रकमांचे गणित आणि शिस्तभंगाची चौकशी.

ग्रॅच्युइटीचे, म्हणजे उपदानाचे, उदाहरण घ्या. १९७२ च्या अधिनियमाने ठरवलेले सूत्र सोपे आहे: शेवटचे मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आणि सेवा १० वर्षे ७ महिने असेल, तर सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरून ११ वर्षे होतात आणि रक्कम १,६५,००० रुपये येते. नवखा विद्यार्थी बहुतेक वेळा ३० ने भागतो. तसे केले तर १,४३,००० येतात, म्हणजे कामगाराचे २२,००० रुपये कागदावरच बुडतात. भागाकार २६ ने का, तर महिन्यातून चार साप्ताहिक सुट्या वजा होतात म्हणून. आणि ही सुटी आपोआप मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरवून, सह्यांचे अर्ज करून ती मागितली, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. सूत्रातल्या त्या एका आकड्यामागे सहा वर्षांची चळवळ आहे. हे शिकवणाऱ्याने सांगितले तर भागाकार पुन्हा चुकत नाही.

चौकशीचा तास याहून कठीण. कामगारावर ठपका आला की आधी कारणे दाखवा नोटीस किंवा आरोपपत्र, त्यावर त्याचा खुलासा, मग चौकशी अधिकारी, व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, कामगाराच्या बाजूने उभा राहणारा सहकारी, साक्षी, उलटतपासणी, निष्कर्ष आणि शेवटी शिक्षा, असा क्रम असतो. निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस निम्मे आणि त्यानंतर त्याच्या दोषाने उशीर होत नसल्यास ७५ टक्के वेतन निर्वाहभत्ता म्हणून द्यावे लागते. चांगल्या विभागांत वर्गातच ही चौकशी उभी करतात. एक विद्यार्थी कामगार होतो, एक सुपरवायझर, एक चौकशी अधिकारी. पहिली ठेच आरोपपत्रालाच लागते. ‘आपण वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले’ एवढेच लिहिलेले आरोपपत्र कामगार न्यायालयात टिकत नाही. दिवस कोणता, पाळी कोणती, किती वाजता, कोणत्या मशीनपाशी, आणि तोंडून निघालेले शब्द नेमके कोणते, हे सारे हवे. शिवी दिली असेल तर ती जशीच्या तशी लिहावी लागते. दोन वर्षे इंग्रजीतून शिकलेल्या विद्यार्थ्याचा हात येथे अडखळतो. ‘अपशब्द वापरले’ असे लिहून सुटता येत नाही, कारण आरोप काय हे कळल्याशिवाय माणूस बचाव कसा करणार? नैसर्गिक न्यायाचे तत्त्व पाठ्यपुस्तकात अर्ध्या पानाचे असते. या तासाला ते अंगाला भिडते.

भाषेचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. १९४६ च्या स्थायी आदेश अधिनियमाने कारखान्याचे नियम बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत दाराशी लावायला सांगितले. अभ्यासक्रम, परीक्षा आणि सादरीकरणे मात्र जवळजवळ सगळी इंग्रजीत चालतात. चाकण, वाळूज, सातपूर किंवा बुटीबोरीला पहिल्या नोकरीवर गेलेल्या मुलीला मराठीत सूचनापत्र लिहायचे असते, आणि परप्रांतीय कामगारांशी हिंदीत बोलायचे असते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी निदान एक पेपर मराठी पत्रव्यवहाराचा ठेवावा, ही मागणी रास्त आहे.

कायद्यातील बदल

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे २९ कामगार कायदे चार संहितांत एकवटून लागू झाले आणि शिक्षकांच्या जुन्या टिपणांचा मोठा भाग एका दिवसात इतिहासजमा झाला. कल्याण अधिकाऱ्याची अट ५०० ऐवजी २५० कामगारांवर आली, म्हणजे या पदांना वाव वाढला. मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला उपदानासाठी पाच वर्षे थांबावे लागणार नाही, एक वर्ष पुरेसे आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. मूळ पगार मुद्दाम लहान ठेवण्याची जुनी चाल त्यामुळे अवघड झाली. उलट, स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० कामगारांपासून पुढे आहे. लहान कारखान्यांतल्या कामगारासाठी ही माघार आहे, आणि ती वर्गात तशीच सांगितली पाहिजे.

प्रकल्प आणि कंत्राटी कामगार

दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यात विद्यार्थी साधारण आठ आठवडे एखाद्या आस्थापनेत प्रकल्प करतात. विषय बहुधा ‘कर्मचाऱ्यांचे समाधान’ हा निघतो, प्रश्नावली शंभर जणांना वाटली जाते आणि पाय-चार्ट काढले जातात. ही प्रश्नावली सहसा कायम कर्मचाऱ्यांनाच जाते. कंत्राटी कामगार, शिकाऊ उमेदवार, कँटीनवाले आणि साफसफाईच्या बायका तिच्यात नसतात. वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार देशातल्या संघटित कारखान्यांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात गेले आहे, तेव्हा असे सर्वेक्षण कारखान्याचे अर्धेमुर्धेच चित्र दाखवते. प्रकल्प द्यायचा तर उलट बाजूने द्यावा. विद्यार्थ्याने आठवडाभर गेटवरच्या कंत्राटदाराच्या केबिनशेजारी बसावे, हजेरीचे मस्टर आणि पगारपत्रक ताडून पाहावे, भविष्यनिर्वाह निधीची १२ टक्के कपात प्रत्येकाच्या खात्यात पोचली का ते तपासावे. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे कलम कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यातही होते आणि नव्या संहितेतही आहे. गेटवर सापडलेली तफावत घेऊन विद्यार्थी एचआर विभागात जातो तेव्हा या कलमाचा अर्थ त्याला पहिल्यांदा लागतो.