पाच वर्षांनंतर टावी

शंभरातले सुमारे ७२ रुग्ण पाच वर्षांत दगावले. एखाद्या उपचाराचा एवढाच आकडा ऐकला तर त्याला यश म्हणायला कुणी धजावणार नाही. पण कॅथेटरने (रक्तवाहिनीतून सरकवायच्या बारीक नळीने) महाधमनीची झडप बसवण्याचा, म्हणजे टावीचा, हा निकाल माझ्या मते हृदयोपचारांतल्या मोठ्या यशांपैकी एक आहे.

कारण रुग्ण कोण होते ते पाहायला हवं. ‘पार्टनर’ चाचणीच्या या गटातल्या रुग्णांचं सरासरी वय ८३ वर्षांच्या आसपास होतं. कॅल्शियम साठून झडप अरुंद आणि ताठ झालेली, चार पावलं चाललं की धाप लागणार, आणि छाती उघडून शस्त्रक्रिया करणं शक्य नाही, असं सर्जननी आधीच सांगितलेलं. यातल्या निम्म्यांना टावी दिली, उरलेल्यांना औषधं आणि बऱ्याचदा फुग्याने झडप तात्पुरती ताणून देणं. या दुसऱ्या गटातले ५०.७ टक्के पहिल्याच वर्षात गेले, टावीच्या गटातले ३०.७ टक्के. म्हणजे दर पाच जणांना झडप बसवली की वर्षाअखेरीस एक जास्तीचा माणूस हयात. पाच वर्षांनी हेच आकडे ९३.६ आणि ७१.८ टक्के झाले.

फ्रान्समधल्या रूआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी माणसात अशी पहिली झडप बसवली. गाई-बैलांच्या हृदयावरच्या आवरणापासून केलेली पाती धातूच्या जाळीत शिवायची, जाळी मिटवून बहुतेक वेळा जांघेतल्या रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत न्यायची आणि तिथे उघडायची. जुनी झडप कापून काढत नाहीत, ती भिंतीशी दाबली जाते.

खरी गोम इथेच आहे. कॅल्शियमचे खडे ओबडधोबड असतात. जाळी त्यांना सगळीकडून घट्ट चिकटत नाही आणि कडेने रक्त मागे झिरपतं. शस्त्रक्रिया शक्य होती, पण धोका फार होता, अशा ६९९ रुग्णांत टावी आणि शस्त्रक्रिया यांची गाठ घातली तेव्हा पाच वर्षांचा मृत्युदर ६७.८ विरुद्ध ६२.४ टक्के आला. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरत नाही. मात्र गळती टावीत स्पष्टपणे जास्त होती आणि ज्यांच्यात ती होती ते कमी जगले. पुढच्या झडपांना बाहेरून कापडी झालर लावली गेली ती या अनुभवातून. पेसमेकरची गरज हा आणखी एक प्रश्न. हृदयाचे विद्युतसंदेश नेणारे तंतू झडपेला अगदी खेटून जातात, त्यांच्यावर जाळीचा दाब येतो.

झडप लवकर खराब होईल ही सुरुवातीची मोठी भीती. या ६९९ रुग्णांत पाच वर्षांत झडप झिजली म्हणून कुणाचीही पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली नाही. अनेकांना नेलं ते फुप्फुसाच्या, मूत्रपिंडाच्या आजारांनी, वयाने. म्हणून आता टावीआधी डॉक्टर रुग्णाच्या चालण्याचा वेग मोजतात, हाताची पकड तपासतात, अंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः होतात का ते विचारतात. शस्त्रक्रिया नाकारलेल्या त्या पहिल्या गटात टावीनंतर पाच वर्षांनी जे हयात होते, त्यांच्यातल्या ८६ टक्के लोकांना रोजच्या हालचालींत धाप जवळजवळ लागत नव्हती किंवा थोडीच लागत होती.